बोली काय सांगते, काय नाही

समजा, एक तरुण ब्रिटनमध्ये आश्रय मागतो आहे. तो म्हणतो, मी दक्षिण सोमालियाच्या किनाऱ्यावरचा, बाजुनी जमातीचा. हातात कागद एकही नाही. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या करारानुसार, मायदेशी छळाची रास्त भीती असेल तर त्याला परत धाडता येत नाही. पण त्याचा मायदेश कोणता? सोमालिया की शेजारचा केनिया? इथे भाषाशास्त्रज्ञाला तज्ज्ञ साक्षीदार म्हणून विचारतात.

बाजुनी लोकांची बोली ही स्वाहिलीचाच एक प्रकार. तिचे शब्द, उच्चार पारखून माणूस कोणत्या लोकांत वाढला, याचा अंदाज बांधता येतो. मात्र १९९१ मध्ये सोमालियातलं सरकार कोसळलं, तेव्हा अनेक बाजुनी कुटुंबं केनियात पळाली. ज्याचं बालपण तिथल्या छावणीत गेलं, त्याच्या तोंडी केनियाची स्वाहिली येणारच! म्हणूनच २००४ मध्ये १९ भाषाशास्त्रज्ञांनी मार्गदर्शक तत्त्वं मांडली. भाषेवरून माणसाची जडणघडण कळते, नागरिकत्व नव्हे, हे त्यांचं सार. अर्जदाराची हकिगत खरी वाटते का, यावर भाषा तपासणाऱ्यानं मत देऊ नये, असं २०१४ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानंही बजावलं.

तज्ज्ञाची बांधिलकी न्यायालयाशी असते, त्याला बोलावणाऱ्या वकिलाशी नव्हे. समोरच्याची कहाणी ऐकून जीव हळहळला, तरी पुराव्यापलीकडे जायचं नाही. आणि संशय आला म्हणून पुराव्याअलीकडेही थांबायचं नाही. कारण त्याच्या अहवालातल्या एका वाक्यानं कुणी सुरक्षित राहतो, तर कुणी पुन्हा संकटात लोटला जातो.