पहिली-दुसरीचे क्लास काढताय? आधी पालकाच्या हातात मोजपट्टी द्या



एप्रिल-मे आला की आपल्या चॅनलवर एक प्रश्न हमखास येतो. "ताई, डी.एड. झालंय, घरी बसून पहिली-दुसरीच्या मुलांचे क्लास काढायचेत. फी किती ठेवू?" चिखलीहून येतो, मेहकरहून येतो, मलकापूरहून येतो. विचारणाऱ्या बहुतेक ताईच असतात. घरात एक रिकामी खोली आणि दुपारचे दोन-तीन तास मोकळे. भांडवल कमी लागतं, बाहेर जावं लागत नाही. धंदा म्हणून विचार चांगलाच आहे.

पण फीचा आकडा नंतर. आधी मला सांगा, तुमच्याकडून पालक नेमकं काय विकत घेणार आहे? आणि ते मिळालं की नाही, हे त्याला कळणार कसं?

या धंद्यात काटा नाही

माझं दुकान स्टेशनरीचं आहे. कोणी डझनभर वह्या घेतल्या तर मोजून घेतो. किराणावाला साखर काट्यावर देतो, कापडवाला कापड मीटरवर. क्लासमध्ये मात्र आई महिनाभराचे पैसे देते आणि तिच्याकडे काटा नसतो. मग ती जे दिसतं तेच बघते. वही भरली का? होमवर्क दिला का? पोरगं पाहुण्यांसमोर इंग्लिश पोएम म्हणतं का?

म्हणून बाजारात तेच विकलं जातं. फळ्यावरून उतरवलेली पानंच्या पानं. पोरगं "कमळ" हा शब्द सुंदर अक्षरात दहा वेळा लिहितं, पण तोच शब्द दुसरीकडे छापलेला दाखवला तर वाचत नाही. ते लिहीत नव्हतं, चित्र काढत होतं.

हे नुकसान किती मोठं आहे बघा. 'असर' नावाचं सर्वेक्षण ग्रामीण भारतात घरोघरी जाऊन मुलांचं वाचन तपासतं. २०२४ च्या अहवालात देशभरातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येणारी मुलं साधारण २७ टक्के निघाली. म्हणजे १०० मधली ७३ मुलं मागे. चौथीपासून इतिहास, भूगोल, विज्ञान सगळं वाचूनच शिकायचं असतं. ज्याला वाचता येत नाही ते पोरगं वर्गात गप्प बसायला शिकतं. आणि आईला हे पाचवी-सहावीत कळतं, तोवर तुमच्या क्लासची फी भरून झालेली असते.

म्हणून या धंद्यात प्रामाणिक माणसाने पहिलं काम करायचं ते हे, की पालकाला काटा द्यायचा.

काटा तयार आहे, तोही फुकट

'असर' २००५ पासून चालू आहे. प्रथम संस्थेच्या पुढाकाराने हे काम होतं. त्यांची वाचन चाचणी एका कागदावर मावते. चार पायऱ्या आहेत: अक्षरं, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट.

सुरुवात परिच्छेदापासून करतात. मूल तो वाक्यासारखा, न अडखळता वाचत असेल तर गोष्ट द्यायची. परिच्छेद जमला नाही तर शब्द द्यायचे. पाचपैकी चार शब्द बरोबर आले तर मूल 'शब्द' पायरीवर. तेही नाही जमलं तर अक्षरं, पाचपैकी चार. एका मुलाला पाचेक मिनिटं पुरतात. गणिताचीही अशीच पायरी आहे: १ ते ९ अंक ओळखणं, मग १० ते ९९, मग हातच्याची वजाबाकी, मग भागाकार.

असा कागद तुम्ही स्वतः बनवा. मजकूर दर महिन्याला बदला, नाहीतर मुलं पाठ करतात. प्रवेशाच्या दिवशी आईला शेजारी बसवून चाचणी घ्या. तारीख टाका, पायरी लिहा, एक प्रत तिला द्या. पुढच्या महिन्यात पुन्हा तिच्यासमोर. आईला स्वतःला वाचता येत नसलं तरी लेकरू कुठे अडखळलं हे तिच्या कानाला कळतं.

काही जण म्हणतील, "ताई, पायरी पुढे सरकली नाही तर आपलीच पंचाईत!" हो, होणारच. पण मग तुम्ही त्या मुलावर काम कराल. एरवी त्याची वही भरून घेतली असती.

पालक येत नाही? मग आपण जायचं

पालक बोलावूनही येत नाहीत, ही तक्रार नवी नाही. १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. गरीब वस्त्यांतली मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच वस्तीत, घरांच्या अंगणात नेली. तिला नाव पडलं अंगणवाडी. पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. महागड्या माँटेसरी साधनांऐवजी त्यांनी बिया, खडे, शिंपले अशा आजूबाजूच्या वस्तू वापरल्या. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री.

धंद्याच्या भाषेत सांगायचं तर गिऱ्हाईक दुकानात येईना म्हणून माल गिऱ्हाइकाच्या दारात नेला. शिवाय शाळा अंगणात भरली की शिकवणं घरच्यांच्या डोळ्यांसमोर होतं.

आता आपल्या भागाचं बघा. सोयाबीन सोंगणीला आणि कापूस वेचणीला सकाळीच घर रिकामं होतं. काही गावांतून दिवाळीनंतर माणसं ऊसतोडीला जातात, मागे आजी-आजोबा राहतात. अशा वेळी सकाळी अकराची पालकसभा ठेवली तर येणार कोण? संध्याकाळी सातनंतर ठेवा. आठवडी बाजारच्या दिवशी मजूर घरी असतात, तो दिवस धरा. नाहीतर महिन्यातून एकदा तुम्हीच ओसरीवर जाऊन दहा मिनिटं बसा. मूल आजीजवळ असेल तर तुमची पालक ती आजी. बोलायचं तिच्याशी.

आईला विद्यार्थी करू नका, भागीदार करा

महाराष्ट्रात २०२२ मध्ये, कोरोनानंतर शाळा सुरू होताना, 'पहिले पाऊल' हे शाळापूर्व तयारी अभियान झालं. पहिलीत येणाऱ्या मुलांचे शाळेत मेळावे घेतले. नोंदणी, शारीरिक विकास, भाषा, गणनपूर्व तयारी असे वेगवेगळे स्टॉल होते. मूल काय करू शकतं ते आईच्या समोर कार्डावर लिहिलं. शेजारपाजारच्या आयांचे माता गट केले. त्यांना घरी करायच्या कृती आयडिया कार्डवर आणि मोबाईलवर मिळायच्या.

यातली मेख लक्षात घ्या. आईला "अभ्यास घ्या" असं मोघम सांगितलं की ती घाबरते, कारण तिला वाटतं आपलं शिक्षण कमी. पण "डाळ निवडताना दहा-दहाचे ढीग करून घ्या", "भाकरी वाढताना कोणाला किती ते त्याला मोजू द्या", "बसस्टँडवर एसटीची पाटी वाचून घ्या" हे कोणतीही आई करू शकते. आठवड्याला एकच कृती द्या. पाच दिल्या तर एकही होत नाही.

तासाभराचं रोजचं वेळापत्रक

दहा-बारा मुलांच्या बॅचसाठी हे धरून चला:

१. गप्पा, १० मिनिटं. येताना काय पाहिलं ते दोन-तीन मुलं सांगतात. मूल म्हणालं "म्या बैल पाह्यला", तर फळ्यावर तसंच लिहा आणि खाली पुस्तकातलं वाक्य लिहा, "मी बैल पाहिला". घरची बोली चुकीची ठरवू नका. आपण बोललेलं लिहिता येतं आणि लिहिलेलं वाचता येतं, हे मुलाला इथेच उमगतं.

२. अक्षरं आणि शब्द, १५ मिनिटं. बिस्किटाचे पुडे, साबणाची वेष्टनं, लग्नपत्रिका, एसटीच्या पाट्यांवरची गावं. "खामगाव" मधला "ख" आणखी कुठे दिसतो? घ आणि ध, म आणि भ अशा सारख्या दिसणाऱ्या जोड्या शेजारी ठेवून खेळवा.

३. गणित, १५ मिनिटं. चिंचोके आणि आगपेटीच्या काड्या. दहा काड्यांना रबर लावला की एक दशक. ३२ मधून ८ वजा करताना एक गठ्ठा सोडावा लागतो. हातचा म्हणजे काय, हे मूल हाताने करतं.

४. जोडीने वाचन, १० मिनिटं. एक वाचतो, दुसरा बोट ठेवतो. मग अदलाबदल.

५. गोष्ट, ५ मिनिटं. तुम्ही वाचायची, त्यांनी फक्त ऐकायची.

६. घरी न्यायचं वाक्य, ५ मिनिटं. प्रत्येकाने चिठ्ठीवर एक वाक्य न्यायचं आणि घरी वाचून दाखवायचं. होमवर्क एवढाच. आईला रोज दिसतं की पोरगं वाचतंय, आणि तुमची जाहिरातही आपोआप होते.

पालकांशी बोलण्याचे नियम

- पहिल्याच भेटीत विचारा: मुलाला काय आवडतं, कशाची भीती वाटते, घरी वेळ कोण देतं, मोबाईल कोणाच्या हातात असतो. वहीत लिहून ठेवा.

- आठवड्याला प्रत्येकासाठी अर्ध्या मिनिटाचा व्हॉइस मेसेज पाठवा. लांबलचक टाईप केलेलं कोणी वाचत नाही, काहींना वाचताही येत नाही. नमुना: "नमस्कार वहिनी. या आठवड्यात आरोही साधे शब्द वाचायला लागली. घ आणि ध मध्ये अजून गोंधळते. घर, धान्य, घागर, धागा एवढे शब्द तिच्याकडून वाचून घ्या."

- "लक्ष देत नाही", "मस्ती करतो" ही वाक्यं बंद. त्यावर आई काय करणार? पोराला रागावेल, नाहीतर मारेल. नेमकं काय अडतंय आणि घरी काय करायचं, तेवढंच सांगा.

- ग्रुपवर फक्त सुट्टी, वेळ आणि निरोप. तक्रार, फीची आठवण, मुलांची तुलना हे सगळं एकेकट्याशी. मुलांचे फोटो टाकण्याआधी पालकांना विचारा.

- दोन महिने पायरी हललीच नाही तर ते स्वतःहून सांगा. मूल फळा बघताना डोळे बारीक करतं का, हाक मारल्यावर उशिरा वळतं का, ते बघा आणि सरकारी दवाखान्यात दाखवायला सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळा-अंगणवाडीत तपासणीला येतात, त्यांनाही दाखवता येतं. निदान आपण करायचं नाही.

- शाळेच्या बाईंबद्दल पालकांसमोर वाईट बोलू नका. उलट एकदा जाऊन भेटा, वर्गात काय चालू आहे ते विचारा.

आता फी आणि हिशोब

समजा बारा-बारा मुलांच्या दोन बॅच आणि महिन्याला ३०० रुपये. २४ मुलांचे ७,२०० झाले. दोघांची फी राहणार असं धरा: ६,६००. खडू, कागद, झेरॉक्स, वीज मिळून ८०० गेले तर हातात ५,८००. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या गल्लीतला दर तुम्ही काढा. बारा महिन्यांचा हिशोब करू नका, उन्हाळा आणि दिवाळी वजा जाता दहाच धरा. जास्त कमाईसाठी एका बॅचमध्ये पंचवीस मुलं कोंबली तर मोजपट्टीचं काम होणार नाही आणि तुम्ही पुन्हा वही भरण्यावर याल.

आपल्याकडे पैसा दर महिन्याला येत नाही. सोयाबीन-कापूस विकला की येतो. शेतकरी पालकाला "अर्धी फी दिवाळीच्या सुमारास, अर्धी फेब्रुवारीत" अशी सोय द्या आणि कागदावर लिहून घ्या. वसुलीची कटकट बरीच कमी होईल.

दोन नियमही माहीत असू द्या. शाळेत नोकरीवर असलेल्या शिक्षकाला खाजगी शिकवणी घेता येत नाही, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ मध्ये तशी स्पष्ट मनाई आहे. त्यामुळे नोकरीतल्या मैत्रिणीला भागीदार करू नका. आणि उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, तिच्यासाठी कोणाला पैसे देऊ नका.

या आठवड्यात एवढं करा

विदर्भात उन्हामुळे शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, म्हणजे तयारीला वेळ आहे. बोर्ड रंगवू नका, पत्रकं छापू नका. वाचनाचा एक कागद तयार करा. गल्लीतल्या पाच मुलांची चाचणी त्यांच्या आयांसमोर फुकट घ्या. कोण कोणत्या पायरीवर आहे ते तारखेसह लिहा आणि प्रत त्यांच्या हातात द्या. त्यातल्या किती आया परत येऊन "मग आता काय करायचं?" असं विचारतात, ते मोजा. तुमच्या गल्लीत हा धंदा चालेल की नाही, याचा अंदाज त्या आकड्यावरून येईल.

किती जणी आल्या ते कमेंटमध्ये नक्की लिहा. वाचनाचा कागद घरी कसा बनवायचा, ते पुढच्या व्हिडिओत करून दाखवते.