करांद्याच्या काढ्यातली चांदी

दिवाळीच्या सुमाराला पेणच्या बाजारात, रोह्याच्या रस्त्याकडेला कातकरी बाया करांद्यांचे वाटे लावून बसतात. करडी, खडबडीत साल. वेलीवर पानांच्या बेचक्यात लोंबणारं हे बटाट्याचं जंगली भावंड. घेताना एकच विचारायचं, गोडा की कडू? कडू असला तर काप करून राखेच्या पाण्यात उकडायचे, रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायचे, मग खायचे. ही खटपट नुसत्या चवीसाठी नाही. त्या कडूपणामागची डायोसबल्बिनसारखी द्रव्यं यकृताला बाधतात.

याच वेलीचा, म्हणजे डायोस्कोरिया बल्बिफेराचा, जमिनीतला कंद पुणे विद्यापीठातले सौगत घोष, बाळू चोपडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळ्याच कामाला लावला. त्यांचा शोधनिबंध 2012 सालचा. कंदाचा काढा गाळून सिल्व्हर नायट्रेटच्या अगदी पातळ द्रावणात मिसळायचा; लिटरभर पाण्यात जेमतेम 0.17 ग्रॅम. पाण्यासारखं नितळ द्रावण आधी पिवळसर होतं, मग गडद तपकिरी. साधारण पाच तासांत काम झालं. चांदी म्हटली की डोळ्यांसमोर पांढरी लखलख येते, इथे ती चहाच्या रंगाची दिसते! कण काही नॅनोमीटरचे झाले की त्यांच्या पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर एकत्र हिंदकळतात आणि निळा-जांभळा प्रकाश शोषून घेतात, म्हणून.

हे कण बनवायचे ते जिवाणू मारायला, आणि मारण्याचं काम करते चांदी. वनस्पतीतली फ्लॅव्होनॉइड, फिनॉल, साखरा ही द्रव्यं चांदीच्या आयनांना इलेक्ट्रॉन देतात आणि तयार झालेले कण एकमेकांना चिकटू देत नाहीत. त्यामुळे ‘वनस्पतीजन्य, म्हणजे निर्धोक’ हे जाहिरातवाल्यांचं गणित इथे चालत नाही. करांदा यातला पहिला नव्हे; पुण्यातच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने 2004 साली कडुनिंबाच्या पाल्याने असेच कण बनवले होते.

शत्रू कोण, तेही पाहू. विहिरीच्या पायरीवरचा बुळबुळीत थर किंवा दातांवरचं किटण म्हणजे बायोफिल्म. जिवाणू स्वतःभोवती साखरा, प्रथिनं आणि डीएनएचा चिकट गिलावा करून वस्ती थाटतात. लघवीच्या नळीत, श्वासनलिकेतल्या नळीत, जुन्या जखमेत तो बसला की प्रतिजैविकं वरवरच राहतात. आत जे पोचतं तेही फारसं चालत नाही, कारण तळाचे जिवाणू सुस्तावलेले असतात आणि बरीचशी औषधं वाढत्या पेशीलाच मारतात. चोपडे यांच्या अभ्यासाचा जिवाणू अ‍ॅसिनेटोबॅक्टर यात तरबेज. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2017 च्या यादीत त्याचा कार्बापेनेम गटातल्या प्रतिजैविकांना दाद न देणारा प्रकार सर्वांत गंभीर गटात आहे.

करांद्याच्या काढ्यातल्या चांदीच्या कणांसोबत स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविक दिल्यावर ई. कोलाय या जिवाणूवरचा परिणाम 11.8 पट वाढल्याची नोंद 2012 च्या निबंधात आहे. पुढे 2014 मध्ये याच गटाने चित्रक या वनस्पतीच्या अर्कातून चांदीचे, सोन्याचे आणि दोन्ही धातूंचे मिश्र कण बनवून बायोफिल्मवर तपासले. अशी तपासणी बहुधा छोट्या खळग्यांच्या प्लास्टिकच्या तबकडीत होते. खळगे धुऊन क्रिस्टल व्हायोलेट हा जांभळा रंग घालतात. थर टिकला तर जांभळं कडं उरतं, सुटला तर खळगा फिका.

पण तबकडी म्हणजे रुग्ण नव्हे. चांदी आपल्या पेशींनाही इजा करू शकते, आणि जिवाणू तिलाही तोंड द्यायला शिकतात. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या भाजलेल्या रुग्णांत चांदीला न जुमानणारा साल्मोनेला सापडल्याचं 1975 सालीच प्रसिद्ध झालं होतं.

मला जास्त खटकते ती दुसरी अडचण. काढा दर वेळी सारखा होत नाही. वेल कुठली, कंद कधी खणला, यावर त्यातली द्रव्यं बदलतात आणि त्यांच्याबरोबर कणांचा आकारही. निबंधांत वनस्पतीचं शास्त्रीय नाव हमखास असतं, महिना आणि रान पुष्कळदा नसतं. पेणच्या बाजारात मात्र करांदा कुठल्या रानातला आणि किती कडू, हे ऐकल्याशिवाय जुनं गिऱ्हाईक पिशवी पुढे करत नाही.