१४ जानेवारी : एक तारीख, अनेक दिवस

गेल्या मार्गशीर्षांत आमचा एक जुना विद्यार्थी आमचेकडे आला. तो आतां स्वतः शिक्षक असून शाळेच्या दर्शनी फळ्यावर रोज 'दिनविशेष' लिहिण्याचें काम त्याचेकडे आहे. त्या तारखेस कोण जन्मलें, कोण वारलें, काय घडलें, हें सर्व एका चौकटींत मांडावयाचें, अशी ही रीत सर्वांच्या परिचयाची आहे. १४ जानेवारीची चौकट त्यानें आगाऊ तयार केली होती व ती तपासून द्यावी अशी त्याची विनंति होती. पहिलीच ओळ अशी होती कीं, शके १६८२ मध्यें ऐन मकरसंक्रांतीच्या दिवशीं पानिपतावर मराठ्यांचा मोड झाला, व तेव्हांपासून 'संक्रांत कोसळणें' हा वाक्प्रचार मराठींत रूढ झाला. "हें कोठून घेतलेंस?" असें आम्हीं विचारलें. तो किंचित् संकोचून म्हणाला, "गुरुजी, आपणच आठवीच्या वर्गांत सांगितलें होतें."

तें खरें होतें. तीस वर्षें आम्ही तें सांगत आलों, आणि तें सांगतांना वर्गांत पसरणारी शांतता आम्हांस प्रियहि होती. परंतु त्या तीस वर्षांत जंत्री उघडून तें एकदां पडताळून पाहावें, ही बुद्धि मात्र आम्हांस झाली नाहीं. ती पडताळणी आतां केली, तिचा वृत्तांत येथें देत आहों.

लढाईच्या दिवसाविषयीं वाद नाहीं. पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, विक्रमनाम संवत्सर, बुधवार, अरबी सन इहिदे सितैन मया व अलफ, म्हणजे ११६१, इंग्रजी ता. १४ जानेवारी १७६१. तिथि, वार व तारीख हीं तिन्हीं परस्परांशीं जुळतात. बुधवारीं अष्टमी आली म्हणजे तो बुधाष्टमीचा योग होतो. तेव्हां त्या दिवसास पंचांगांतील कांहीं विशेष नांव द्यावयाचेंच असेल तर तें हें आहे. संक्रांत मात्र त्या दिवशीं नव्हती.

याचें कारण समजण्यास फारसें गणित लागत नाहीं. आपले बहुतेक सण तिथीवर चालतात. मकरसंक्रांत ही सूर्याच्या निरयन राशिप्रवेशावर चालते. एका नक्षत्रापासून निघून सूर्य पुनः त्याच नक्षत्रापाशीं येण्यास ३६५ दिवस, ६ तास व सुमारें ९ मिनिटें लागतात. इंग्रजी पंचांगाचें वर्ष ऋतूंस धरून बांधलेलें असल्यामुळें सरासरीनें ३६५ दिवस, ५ तास व ४९ मिनिटें इतकें आहे. हा वीस मिनिटांचा फरक सांचत सांचत सुमारें ७२ वर्षांत एक दिवस होतो, व तेवढी संक्रांत इंग्रजी तारखेंत पुढें सरकते. त्यांत १८०० व १९०० हीं वर्षें इंग्रजी गणनेंत लीप वर्षें धरलीं जात नाहींत, म्हणून त्या दोन ठिकाणीं ती एकदम उडी घेते. या रीतीनें मागें मोजीत गेल्यास १७६१ ची संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येते. जुन्या करणग्रंथांचें वर्षमान किंचित् मोठें असल्यानें त्यांच्या गणितानें ती आणखी कांहीं तास अलीकडे, ९ जानेवारीच्या रात्रींहि पडूं शकेल. पण १४ तारखेस ती कोणत्याहि गणितानें येत नाहीं. या मोजणीस एक स्वतंत्र पुरावा आहे. स्वामी विवेकानंद यांचा जन्म १२ जानेवारी १८६३ रोजीं, संक्रांतीच्याच दिवशीं झाला. म्हणजे पानिपतानंतर शंभर वर्षांनीं देखील संक्रांत १४ वर पोंचली नव्हती. ती १४ वर स्थिरावली ती विसाव्या शतकांत, आणि आतां १५ कडे झुकूं लागली आहे. आमच्या वडिलांच्या व आमच्या आयुष्यांत ती बहुधा त्याच तारखेस आल्यामुळें ती सदासर्वकाळ तेथेंच होती, असें आम्हीं गृहीत धरलें. (टिळक पंचांग मानणाऱ्या मंडळींची संक्रांत आजहि सुमारें चार दिवस आधीं येते, तो अयनांशाचा जुना वाद आहे व त्यांत शिरण्याचें हें स्थळ नव्हे.)

वाक्प्रचाराची गोष्टहि अशीच. पंचांगाच्या आरंभीं संक्रांतीचें वाहन कोणतें, वस्त्र कोणतें, ती कोणीकडून आली व कोणत्या दिशेस चालली, हें दिलेलें असतें. ती जें धारण करील तें महाग होतें व जिकडे जाते तिकडे अरिष्ट येतें, अशी लोकांची समजूत आहे. 'अमक्यावर संक्रांत आली' हें बोलणें या समजुतीवरून निघालें असावें, असें आमचें मत आहे. पानिपताचा ठसा भाषेवर उमटला आहे तो 'पानिपत होणें' या प्रयोगांत. त्यास संक्रांतीचा आधार लागत नाहीं.

आतां एक गोष्ट आम्हांस या शोधांत अधिक महत्त्वाची वाटली. आपण आज १४ जानेवारी ही तारीख मोठ्या आग्रहानें पाळतों. परंतु पानिपतावर ज्यांचीं माणसें पडलीं त्यांच्या घरीं ही तारीख कोणाच्या कानावरहि नव्हती. त्यांच्यापुढें प्रश्न होता तो श्राद्धाच्या तिथीचा. विश्वासराव गोळी लागून पडले, तें हजारोंनीं पाहिलें. त्यांची तिथि पौष शुद्ध अष्टमी ठरली. पण त्या सायंकाळीं व रात्रीं पाठलागांत पुष्कळ लोक मारले गेले. दुसऱ्या दिवशीं छावणींत धरलेल्यांची कत्तल झाली. जनकोजी शिंदे व इब्राहिमखान गारदी हे जिवंत हातीं लागले व मागाहून मारले गेले. समशेर बहादर जखमी होऊन निसटले ते जाटांच्या मुलखांत जाऊन वारले. एकाच लढाईनें गेलेल्या या लोकांच्या तिथि एक नाहींत. आणि ज्यांचें काय झालें हें परत आलेल्यांपैकीं कोणासच सांगतां आलें नाहीं, अशीं कुटुंबें किती असतील याची कल्पनाच करावी. खुद्द भाऊसाहेबांविषयींहि संशय उरला. पार्वतीबाईंनीं वैधव्य पत्करलें नाहीं, आणि भाऊसाहेब म्हणून उभा राहिलेल्या तोतयास १७७६ मध्यें देहान्त शिक्षा होईपर्यंत तें प्रकरण मिटलें नाहीं.

अशा प्रसंगीं काय करावें, याचा निर्णय धर्मशास्त्राच्या निबंधकारांनीं देऊन ठेवला आहे. मृत्यूची तिथि अज्ञात असल्यास अमावास्या किंवा एकादशी धरावी. आणि शस्त्रानें मेलेल्यांचें महालयश्राद्ध भाद्रपद वद्य चतुर्दशीस करावें. या चतुर्दशीस म्हणूनच घातचतुर्दशी म्हणतात. तेव्हां पानिपतच्या मृतांचा सामायिक दिवस शोधावयाचा तर तो जानेवारींत नसून पितृपक्षाच्या शेवटीं, सर्वपित्री अमावास्येच्या आदल्या दिवशीं आहे. आमच्या विद्यार्थ्यास हें सांगितलें तेव्हां तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. त्याच्याहि घरीं घातचतुर्दशीचें पान वाढतात. कोणासाठीं, हें कोणी सांगत नसे.

चौकटींतील पुढच्या दोन नोंदी परदेशांतल्या होत्या. त्या पाहून आम्हांस प्रथम हंसूं आलें व मग विचार पडला. धूमकेतूच्या पुनरागमनाचें भाकित करणारे एडमंड हॅले यांचा मृत्यु १४ जानेवारी १७४२, आणि तत्त्वज्ञ बिशप जॉर्ज बर्क्ले यांचा मृत्यु १४ जानेवारी १७५३. बर्क्ले यांनीं १७३४ मध्यें 'ॲनॅलिस्ट' नांवाची पुस्तिका लिहून एका नास्तिक गणितज्ञाची झडती घेतली. तो गणितज्ञ म्हणजे हॅलेच, अशी समजूत आहे. वादी व प्रतिवादी एकाच तारखेस गेले, हा योग फळ्यावर शोभला असता. परंतु या दोन तारखा एका पंचांगांतल्या नाहींत. पोप ग्रेगरी यांनीं १५८२ मध्यें सुधारलेली गणना पोर्तुगाल, स्पेन वगैरे देशांनीं तत्काळ घेतली. इंग्लंडनें ती १७५२ पर्यंत नाकारली. त्या वर्षीं २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशीं इंग्लंडांत १४ सप्टेंबर उजाडला. म्हणून बर्क्ले यांची तारीख नवी व हॅले यांची जुनी. हॅले गेले त्या दिवशीं पॅरिसमध्यें २५ जानेवारी होती. इतकेंच नव्हे, इंग्लंडांत तेव्हां वर्षारंभ २५ मार्चला होत असल्यामुळें ग्रीनिचच्या लोकांच्या लेखीं तें १७४१ च चालू होतें.

हा फरक दूरदेशचा म्हणून सोडून देण्याजोगा नाहीं. मुंबई-सुरतेच्या इंग्रज वखारींचे सप्टेंबर १७५२ पूर्वींचे कागद जुन्या गणनेचे आहेत, तर गोंव्याचे पोर्तुगीज कागद नव्या गणनेचे. वसईच्या मोहिमेसंबंधीं एकाच दिवशीं लिहिलेल्या दोन पत्रांत अकरा दिवसांचें अंतर दिसतें तें यामुळें. शिवछत्रपतींची जन्मतिथि फाल्गुन वद्य ३, शके १५५१. तिची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख जुन्या गणनेची असून नव्या गणनेनें ती १ मार्च होते. आजच्या भिंतीवरील पंचांगांत आपण जी १९ फेब्रुवारी पाहतों ती नव्या गणनेची आहे. उत्सव कोणत्या दिवशीं करावा हा लोकांचा प्रश्न आहे. परंतु दोन गणना मिसळूं नयेत, एवढें तरी इतिहास शिकविणाराकडून अपेक्षिलेंच पाहिजे.

बाकीच्या नोंदींत अडचण नव्हती. 'ॲलिस'चे कर्ते लुइस कॅरॉल यांचा मृत्यु १८९८, आल्बर्ट श्वाइट्झर यांचा जन्म १८७५, दुर्गाबाई खोटे यांचा जन्म १९०५. रायगडाजवळील नाते येथें १८९६ मध्यें जन्मलेले चिंतामणराव देशमुख यांच्यापाशीं आम्ही थोडे थांबलों. कारण रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर व पुढें अर्थमंत्री असलेल्या, आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्यें मंत्रिपद सोडणाऱ्या या गृहस्थांनीं मेघदूताचा समश्लोकी मराठी अनुवाद केला, ही गोष्ट संस्कृताच्या जुन्या मास्तरास कशी विसरवेल? ते संक्रांतीला जन्मले असें विद्यार्थ्यानें कंसांत लिहिलें होतें. आमच्या गणितानें त्या वर्षीं संक्रांत आदल्या दिवशीं, १३ जानेवारीस येते. तो कंस खोडला. शेवटची नोंद मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचें नांव जोडल्याची, १९९४ ची. ठराव विधिमंडळांत १९७८ मध्येंच झाला होता. मध्यें सोळा वर्षें गेलीं व माणसांचे जीव गेले. हा दिवस प्रथमपासून तारखेनेंच पाळला जातो, त्याची तिथि कोणी विचारीत नाहीं, व तेंच योग्य आहे.

राहिले अबुल फज्ल. चौकटींत त्यांचा जन्म १४ जानेवारी १५५१ असा होता. मूळ नोंद हिजरी ९५८ च्या मोहरमच्या सहाव्या चंद्राची. तिची जुन्या गणनेनें १४ जानेवारी होते, नव्या गणनेनें २४. आमचें म्हणणें, हॅले यांस जसें २५ तारखेस हलविलें तसें यांसहि २४ ला हलवावें. विद्यार्थ्याचें म्हणणें, १५५१ मध्यें नवी गणना पृथ्वीवर कोठेंच नव्हती, मग ती या पुरुषावर कां लादावी? हॅले यांच्या हयातींत ती निदान शेजारच्या फ्रान्सांत तरी होती. या आक्षेपास आम्हांस अद्याप उत्तर सुचलेलें नाहीं. १४ जानेवारीस फळा लिहिला गेला त्यांत पानिपतापुढें तिथि व वार होते, संक्रांत नव्हती, आणि अबुल फज्ल यांच्यापुढें विद्यार्थ्यानें केवळ हिजरी तारीख लिहिली होती.