वाय-फाय गेलं म्हणून लॅपटॉप फॉरमॅटला देऊ नका



गेल्या पावसाळ्यात आमच्या प्रभागसंघाच्या लॅपटॉपचं वाय-फाय बंद पडलं. लॅपटॉप चालू होत होता, हिशेबाच्या फायली उघडत होत्या, फक्त वाय-फायची खूण गायब. दुसऱ्या दिवशी तीन गटांची कर्जाची कागदपत्रं बँकेला पाठवायची होती. आम्ही घाबरलो आणि लॅपटॉप तालुक्याच्या एका दुकानात दिला. दुकानदारानं फॉरमॅट मारलं. वाय-फाय आलं, आणि दोन वर्षांचे हिशेब गेले. गटांच्या नोंदवह्या होत्या म्हणून निभावलं, पण त्या वह्यांवरून सगळं परत टाइप करायला आम्हाला सव्वा महिना लागला.

दिवाळीनंतर विंडोजचं मोठं अपडेट झालं आणि तीच खूण पुन्हा गेली. या वेळी आम्ही स्वतः बसलो. एका ताईंची मुलगी कॉम्प्युटरचा कोर्स करते, ती शेजारी होती, पण माउस आमच्या हातात होता. तेव्हा जे समजलं ते आज सांगतो.

लॅपटॉपच्या आत वाय-फायचं एक छोटं कार्ड असतं. ते एका कंपनीचं, विंडोज दुसऱ्या कंपनीचं. दोघांची बोली वेगळी, म्हणून मध्ये दुभाषा लागतो. त्या दुभाष्याला ड्रायव्हर म्हणतात. ड्रायव्हर हरवला की कार्ड धडधाकट असूनही मुकं होतं. कार्ड बिघडलेलं नसतं, आणि आपल्या फायलींचा तर यात काहीच दोष नसतो.

मग कंपनीचा ड्रायव्हर उतरवून घ्यावा, संपलं! आम्हीही तेच केलं. पण शेतकरी घरातल्या बायकांना लिंकिंग माहीत आहे. युरियाची गोणी मागितली की दुकानदार नको असलेली एखादी बाटली गळ्यात मारतो. इथंही तसंच झालं. ड्रायव्हर लहानसा, पण त्याच्याबरोबर कंपनीचा वाय-फाय सांभाळणारा प्रोग्राम, अपडेट विचारणारा प्रोग्राम, लॅपटॉप सुरू होताच उघडणारी एक खिडकी, असं सगळं आलं. आमचा लॅपटॉप जुना, चार जीबीचा, तो धापा टाकायला लागला. वर विंडोजही वाय-फाय जोडायला बघतं आणि कंपनीचा प्रोग्रामही. एका तव्यावर दोघींनी एकदम भाकरी टाकावी तसं. जोडलेलं वाय-फाय सारखं तुटायचं.

खरं तर त्या प्रोग्रामची गरजच नाही. २००१ सालच्या विंडोज एक्सपीपासून आसपासची नेटवर्क दाखवणं, पासवर्ड विचारणं, तो लक्षात ठेवणं ही कामं विंडोज स्वतःच करतं. त्याला हवा असतो नुसता दुभाषा. म्हणून आम्ही कंपनीचं सगळं काढून टाकलं आणि फक्त ड्रायव्हर बसवला.

आता कसं ते ऐका. सगळ्यात आधी एरोप्लेन मोड चालू राहिला नाही ना ते पाहा. हसू नका, आमच्या एका गटात दोन दिवस तेवढंच झालं होतं. मग कामाच्या फायली पेनड्राइव्हवर काढून ठेवा. हे कितीही कंटाळवाणं वाटलं तरी करा.

आता स्टार्टच्या बटणावर माउसचं उजवं बटण दाबून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा. तिथं ‘अदर डिव्हाइसेस’खाली पिवळ्या त्रिकोणासह ‘नेटवर्क कंट्रोलर’ असं काही दिसेल. त्यावर दोनदा क्लिक केलं की बहुतेक वेळा ‘कोड २८’ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ, ड्रायव्हर बसवलेला नाही. वर ‘डिटेल्स’ आहे, तिथल्या यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. जी लांबलचक अक्षरं येतात ती कार्डाची जन्मपत्रिका समजा. ‘व्हीईएन’पुढे ८०८६ असेल तर कार्ड इंटेलचं, १०ईसी असेल तर रिअलटेकचं. पुढच्या ‘डीईव्ही’वरून नेमकं मॉडेल कळतं. यूएसबीत खुपसायचं छोटं वाय-फाय असेल तर तिथं ‘व्हीआयडी’ आणि ‘पीआयडी’ दिसतं. त्याच्याबरोबर सीडी मिळते, आणि हल्लीच्या लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नसते! पण हा नंबर हाती असला की सीडीवाचून अडत नाही.

वाय-फायच नाही तर ड्रायव्हर आणायचा कुठून? मोबाइलमधून. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलनं लॅपटॉपला जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. फोनचं इंटरनेट केबलमधून लॅपटॉपला मिळतं. तेवढ्यावर कधी कधी विंडोज स्वतःच ड्रायव्हर शोधतं, म्हणून विंडोज अपडेटच्या ‘ऑप्शनल अपडेट्स’मध्ये आधी डोकवा. तिथं नसेल तर लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर टाकून बघा, नाहीतर ‘मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग’वर जाऊन कार्डाचा नंबर शोधा. या कॅटलॉगवर बहुधा नुसता ड्रायव्हर मिळतो, बाकीचा गोतावळा नाही. ‘ड्रायव्हर अपडेटर’ म्हणून जाहिरात करणाऱ्या साइट मात्र टाळा. त्या फुकट तपासणी करून वीस दोष दाखवतात आणि मग पैसे मागतात.

कॅटलॉगवरची फाइल ‘कॅब’ प्रकारची असते, म्हणजे बांधलेलं गाठोडं. ते उघडून आतलं सगळं एका फोल्डरमध्ये काढा. कंपनीचा सेटअप असेल तर ‘सेव्हन-झिप’ या फुकटच्या प्रोग्रामनं बऱ्याचदा तोही न बसवता उसवता येतो. आत तीन प्रकारच्या फायली शोधा. ‘आयएनएफ’मध्ये हा ड्रायव्हर कोणत्या कार्डांसाठी आहे ते लिहिलेलं असतं, ‘एसवायएस’ म्हणजे खरा दुभाषा आणि ‘कॅट’ म्हणजे सही-शिक्का. सही नाही असा इशारा आला तर रेटून पुढे जाऊ नका, दुसरी फाइल बघा.

मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच पिवळ्या त्रिकोणावर उजवं बटण दाबून ‘अपडेट ड्रायव्हर’ घ्या, ‘ब्राउज माय कॉम्प्युटर’ निवडा आणि तो फोल्डर दाखवा. ‘सबफोल्डर्स’च्या चौकटीत बरोबरची खूण असू द्या. आमचं काम इथं एकदा अडलं. लॅपटॉप चौसष्ट बिटचा आणि आम्ही आणलेला ड्रायव्हर बत्तीसचा. सेटिंगच्या ‘अबाउट’मध्ये ‘सिस्टम टाइप’ आधीच वाचायला हवा होता. बरोबरचा आणल्यावर पडदा क्षणभर थबकला आणि खूण आली. ब्लूटूथ मात्र बंदच राहिलं, कारण दोन्ही एकाच कार्डावर असली तरी त्याचा ड्रायव्हर वेगळा असतो.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोणही नाही आणि ‘नेटवर्क अ‍ॅडाप्टर्स’खाली वायरलेस नावाचं काहीच नाही, असं असेल तर कार्ड सैल झालेलं किंवा खरंच गेलेलं असू शकतं. मग दुकान गाठायचं, पण सांगायचं, ‘दादा, कार्ड बघा, आम्हाला विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नका,’ आणि पावतीवर तसं लिहून घ्यायचं.

तो फोल्डर आम्ही पेनड्राइव्हवर ठेवलाय, नावात लॅपटॉपचं मॉडेल आणि ‘चौसष्ट बिट’ लिहून. पेनड्राइव्ह संघाच्या पेटीत, शिक्क्याच्या डबीशेजारी असतो. प्रभागातल्या कोणत्याही गटाकडे तेच मॉडेल असेल तर बैठकीच्या दिवशी येऊन कॉपी करून न्या.