चामखीळ गोठवल्यानंतर

दिल्लीतील एम्स किंवा सफदरजंग रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात रुग्ण ज्याला 'मस्सा' म्हणतो, ती बहुतेकदा मराठीतली चामखीळ असते, आणि घोड्याच्या शेपटीच्या केसाने आवळण्यापेक्षा किंवा चुना लावून जाळण्यापेक्षा ती गोठवणे अधिक भरवशाचे असते. या उपचाराला शीतोपचार, डॉक्टरांच्या बोलण्यात क्रायोथेरपी, म्हणतात. त्यासाठी वापरला जाणारा द्रव नायट्रोजन उणे 196 अंश सेल्सिअसला उकळतो, त्यामुळे निर्वात भिंतींच्या भांड्यातूनही तो सतत उडत राहतो. कापसाच्या बोळ्याने किंवा बारीक फवाऱ्याने तो लावताच चामखीळ काही सेकंदांत पांढरी आणि टणक होते. मग तिला आपोआप वितळू दिले जाते. गोठणे जितके झटपट आणि वितळणे जितके सावकाश, तितकी पेशींची हानी अधिक होते, कारण पेशींच्या आत तयार झालेले बर्फाचे स्फटिक वितळताना एकत्र येऊन मोठे होतात.

मात्र त्वचेला रंग देणाऱ्या पेशी उणे 4 ते उणे 7 अंशांतच मरू लागतात, तर वरच्या थरातील इतर पेशी उणे 20 अंशांच्याही खाली तग धरतात. गोऱ्या युरोपीय त्वचेवर बेतलेले सेकंद सावळ्या गालावर जसेच्या तसे वापरले, तर चामखीळ जाते आणि पांढरा डाग मागे राहतो. आपल्याकडे असा डाग दिसताच कोडाची शंका घेतली जाते, हे वेगळे सांगायला नको.

गोठवल्यानंतर पहिल्या दिवसभरात त्या जागी फोड येतो, कधी त्यात रक्तमिश्रित पाणीही असते. तो फोडू नये. साबण-पाण्याने हलकेच धुऊन साधी पेट्रोलियम जेली लावावी, हळद-तुपाचा लेप टाळावा. खपली साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप पडते, तळपायावर त्याहून उशिरा. मे-जूनमध्ये दिल्लीचा पारा 45 अंशांच्या आसपास जातो, तेव्हा चेहऱ्यावरची खपली पडेपर्यंत ओढणी किंवा टोपीचा आडोसा आणि नंतर काही महिने सनस्क्रीन आवश्यक ठरते, कारण नव्या नाजूक त्वचेवर ऊन काळपट डागही उमटवते. वेदना वाढत गेल्या, पू आला किंवा ताप भरला, तर डॉक्टरांकडे जाण्यास वेळ लावू नये.

काळा, कडा वेड्यावाकड्या असलेला, वाढत जाणारा तीळ मात्र गोठवून घेऊ नये. तो आधी कापून सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा लागतो, आणि गोठवून नष्ट केलेल्या तिळात कर्करोग होता की नाही हे नंतर कळण्याची सोय राहत नाही.