जुळ्या कोकरांचं जनुक

दख्खनी मेंढी एका वेताला बहुधा एकच कोकरू देते. धनगराची कमाई आज लोकरीवर नाही, कोकरं विकण्यावर आहे. तेवढ्याच मेंढ्यांकडून जास्त कोकरं मिळाली, तर घरात दोन पैसे जास्त येतात. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं १९९०च्या दशकात हा प्रश्न हाती घेतला आणि सुंदरबनातली गरोळ मेंढी आणली. अंगानं खुजी, पण जुळी-तिळी देणारी.

गरोळमध्ये हा गुण येतो कुठून, याचा उलगडा मात्र ऑस्ट्रेलियामार्गे झाला. न्यू साउथ वेल्समध्ये कूमाजवळच्या बुरूला फार्मवर सिअर्स बंधूंनी जुळ्या-तिळ्यांच्या मेरिनो मेंढ्या निवडून राखल्या होत्या. त्यांतल्या काही सीएसआयआरओ या सरकारी संस्थेकडे गेल्या आणि हेलन न्यूटन टर्नर यांनी त्यांचा अभ्यास मांडला. १९८०च्या सुमारास संशोधकांना दिसलं, की हा गुण एकाच जनुकाचा आहे. २००१मध्ये तीन गटांनी जवळपास एकाच वेळी त्यातला नेमका बदल शोधला.

तो सापडला अनपेक्षित जागी. १९६५मध्ये अमेरिकी अस्थिशल्यविशारद मार्शल युरिस्ट यांनी दाखवलं होतं, की खनिज काढून टाकलेलं हाड स्नायूत ठेवलं तर तिथे नवं हाड तयार होतं. त्या शोधातून प्रथिनांचं एक कुटुंब पुढे आलं. मेंढीतला बदल याच कुटुंबाचा संदेश टिपणाऱ्या रेणूत आहे. बदलामुळे संदेश क्षीण होतो, अंडाशयातल्या पुटिका लहान असतानाच पक्व होतात आणि एका माजाला एकाहून जास्त बीजांडं सुटतात. हाडावर काम करणाऱ्यांना ‘याचा मेंढीला काय उपयोग?’ असं कुणी विचारलं असतं, तर ते काय सांगणार होते? संशोधनाला पैसा देताना आपल्याकडे हाच प्रश्न सर्वांत आधी येतो, याचं मला वाईट वाटतं.

२००२मध्ये गरोळमध्येही तोच बदल आढळला. १७९२-९३मध्ये बंगालहून मेंढ्या जहाजानं ऑस्ट्रेलियाला गेल्या होत्या. बुरूलाचं जनुक त्यांच्यातूनच आलं असावं, असं मानलं जातं.

फलटणला याचा थेट फायदा झाला. मेंढा स्वतः वीत नाही. त्याच्याकडे हे जनुक आहे की नाही, हे कळायला त्याच्या लेकी मोठ्या होऊन व्यायची वाट पाहावी लागे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या मदतीनं डीएनए तपासणी सुरू झाली आणि कोकराच्या थोड्या रक्तावर निवड होऊ लागली. त्यातून ‘नारी सुवर्णा’ मेंढी उभी राहिली.

पण धनगराला हवी असतात जगणारी कोकरं. तिळी झाली तर आईचं दूध पुरत नाही, आणि धनगराचा मेंढ्यांसह फिरता वाडा तर रोज पुढे सरकत असतो. म्हणून जनुकाची एकच प्रत असलेली मेंढी त्याच्या जास्त सोयीची. यातून नवं कोडंही पडलं. मेरिनोमध्ये दुसरी प्रत आली की कोकरं आणखी वाढतात. दख्खनी संकरात तितकी वाढत नाहीत. असं का, हे विचारणं म्हणजे पुन्हा अंडाशयाच्या अभ्यासाकडे वळणं, आणि या वेळी तो प्रश्न फलटणच्या कळपातून निघाला आहे.