गोपनीय तक्रार : स्वरूप आणि लेखन

प्रस्तावना

आपल्यापैकी अनेकजण नोकरी सांभाळून हा अभ्यासक्रम पूर्ण करीत आहेत. खोटी बिले, लाचेची मागणी, सुरक्षेच्या नियमांकडे दुर्लक्ष असे प्रकार डोळ्यांदेखत घडत असतानाही ‘आपण कशाला मध्ये पडा?’ असे म्हणून माणसे गप्प राहतात. या मौनामागे बहुधा सूडाची भीती असते. ही भीती कमी करण्याचा एक मार्ग म्हणजे गोपनीय तक्रार.

निनावी आणि गोपनीय

बोलण्यात हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने येतात. परंतु त्यांत महत्त्वाचा भेद आहे. निनावी तक्रार कोणी केली हे कोणालाच ठाऊक नसते. त्यामुळे तक्रारदाराकडे खुलासा मागणे कठीण जाते आणि तक्रार द्वेषातून आली आहे काय, याची पारखही अवघड होते. गोपनीय तक्रारीत तक्रारदाराचे नाव ती स्वीकारणाऱ्या यंत्रणेला माहीत असते. ते इतरांपासून राखणे हे त्या यंत्रणेचे कर्तव्य असते. म्हणजेच गोपनीयतेचा पाया विश्वास हा आहे.

हा विश्वास राखला गेला नाही तर काय होते, याचे उदाहरण म्हणून सत्येंद्र दुबे यांचे प्रकरण पाहावे. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातील या अभियंत्याने सुवर्ण चतुष्कोन प्रकल्पातील गैरव्यवहाराविषयी २००२ मध्ये पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिले व आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. तरीही ते पत्र नावासह अनेक कार्यालयांतून फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्यांची हत्या झाली. हत्या लुटीच्या हेतूने झाल्याचा निष्कर्ष तपासातून निघाला; तथापि तक्रारदाराचे नाव फुटले, ही गोष्ट देशाला अस्वस्थ करून गेली.

तक्रारीचे मार्ग

या प्रकरणानंतर, २००४ मध्ये, केंद्र सरकारने एका ठरावाद्वारे केंद्रीय दक्षता आयोगाला अशा तक्रारी स्वीकारण्याचा अधिकार दिला. केंद्र सरकारी कार्यालये व उपक्रम यांच्याविषयीची तक्रार बंद लिफाफ्यातून आयोगाकडे पाठवावी लागते. नाव लिफाफ्यावर लिहायचे नसते. ते आतील पत्रात किंवा सोबतच्या स्वतंत्र पत्रात द्यायचे असते. या ठरावाखाली निनावी तक्रार स्वीकारली जात नाही.

खासगी क्षेत्रात, कंपनी अधिनियम २०१३ च्या कलम १७७ नुसार शेअर बाजारात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीला गैरप्रकार कळविण्याची यंत्रणा ठेवावी लागते आणि तक्रारदाराला सूडापासून संरक्षण द्यावे लागते. त्यासाठी अनेक कंपन्या ‘एथिक्स हॉटलाइन’ चालवितात. काही हॉटलाइनवर निनावी तक्रारही घेतली जाते. अशा वेळी दिलेला नोंद क्रमांक जपून ठेवावा, कारण पुढील विचारणा त्याच्याच आधारे होते.

तक्रारीची भाषा

‘गोदामात सगळे चोर आहेत’ हे वाक्य संताप व्यक्त करते, माहिती देत नाही. ‘१२ जून रोजी सिमेंटच्या ५० गोण्यांची पावती झाली, प्रत्यक्षात ४० गोण्या उतरल्या’ या वाक्याची शहानिशा करता येते. स्वतः पाहिलेले, इतरांकडून ऐकलेले आणि त्यावरून काढलेले अनुमान यांची सरमिसळ करू नये. आरोप सिद्ध होईपर्यंत समोरची व्यक्ती दोषी नसते; म्हणून तिच्याविषयीही संयम पाळावा.

नाव गाळले तरी मजकूर ओळख सांगू शकतो, याचे भान ठेवावे. ‘त्या वेळी गोदामात मी एकटाच होतो’ एवढ्या वाक्यातूनही तक्रारदार उघड होतो. असा तपशील आवश्यक असल्यास नावासोबतच्या स्वतंत्र पत्रात द्यावा. गुप्तता यंत्रणेने राखायची असते हे खरे. पण तिची सुरुवात लिहिणाऱ्याच्या शब्दनिवडीपासून होते.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. निनावी व गोपनीय तक्रारीतील भेद सोदाहरण स्पष्ट करा.
२. ‘आमच्या विभागात बिलांचा घोटाळा चालतो’ हे विधान पडताळता येईल अशा तीन वाक्यांत, तक्रारदाराची ओळख उघड न होऊ देता, पुन्हा लिहा.